चाळिशीनंतर पोट उतरवा, मांडीतलं बळ नको : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी. प्रश्न कुठूनही येवो, गोंधळ एकच असतो. जेवण तोडलं की वजन उतरतं आणि वजन उतरलं म्हणजे चरबी गेली, असं लोक धरून चालतात. काटा फक्त किलो सांगतो. त्यातलं पाणी किती, चरबी किती आणि स्नायू किती, हे त्याला कळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू तसेच घटत असतात. त्यात उपाशी राहून वजन उतरवलं तर गेलेल्या किलोंमधला पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्नायूंचा निघतो. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : भात पूर्ण बंद करायचा का? घरचा बासमती आहे, सोडवत नाही. (यळ्ळूर, पुरुष, ४७)

बंद करू नका. एका जेवणात शिजवलेला वाटीभर भात आणि सोबत घट्ट उसळ, एवढं चालतं. दुसऱ्या वाढपाला हात आवरा.

प्रश्न : सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्यावर किती दिवसांत चरबी वितळते? (निपाणी, महिला, ४३)

वितळत नाही. मोठ्या चमचाभर मधातून ६० कॅलरी मात्र पोटात जातात. जिरेपाणी आणि व्हिनेगर यांनीही चरबी वितळत नाही. आम्लपित्त असेल तर उपाशीपोटी लिंबू घेऊच नका.

प्रश्न : नाचणीची आंबील रोज घेते. प्रथिनं त्यातून भागतील ना? (हुक्केरी, महिला, ५०)

नाही. नाचणीचं नाव कॅल्शियमसाठी आहे. १०० ग्रॅम पिठात प्रथिनं जेमतेम ७ ग्रॅम असतात आणि वाडगाभर आंबिलीत २०-२५ ग्रॅमच पीठ पडतं. आंबील सोडू नका, पण तिच्यासोबत दोन अंडी किंवा वाटीभर मोडाचे मूग घ्या.

प्रश्न : चार महिन्यांत ७१ किलोवरून ६० वर आले. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि पल्या (भाजी), चार वाजता पुन्हा चहा, रात्री ताक आणि पपई. सगळ्यांनी कौतुक केलं. पण आता पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना मांड्या थरथरतात, केसही गळतात. गेल्या महिन्यात दोन किलो परत वाढले. चुकलं कुठं? (शहापूर, बेळगाव, महिला, ५१)

तुमच्या दिवसाचा हिशेब मांडू. दोन कप चहातल्या दुधातून ३ ग्रॅम प्रथिनं, अर्ध्या भाकरीतून अडीच, पल्यातून दोन-तीन, ताकातून तीन, पपईतून एक. दिवसभरात १२ ते १५ ग्रॅम. मूत्रपिंडं निरोगी असतील तर वजन उतरवण्याच्या काळात किलोमागे निदान १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोला ७२ ग्रॅम झाले. तुम्ही त्याच्या पाचव्या हिश्श्यावर चार महिने काढलेत.

चरबीसारखा प्रथिनांचा साठा शरीरात नसतो. हृदय, यकृत, रक्त, रोगप्रतिकारशक्ती यांना प्रथिनं रोज लागतात. ताटातून आली नाहीत तर शरीर ती स्नायूंमधून काढतं, आणि ज्या स्नायूवर भार पडत नाही तो आधी झिजतो. मांडी आणि नितंबांचे स्नायू सगळ्यात मोठे, म्हणून पाटावरून उठताना ते पहिल्यांदा जाणवतं. परत आलेले दोन किलो बहुतांशी चरबीचे असतात. स्नायू तसे परत येत नाहीत, ते खाऊन आणि भार उचलून घडवावे लागतात. असं दोन-तीनदा उतरलं-चढलं की काटा तोच राहतो आणि अंगातलं बळ दरवेळी कमी होतं. रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी पोटावर साठण्याकडे कल असतो, त्यामुळे हा घाटा आणखी महागात पडतो.

आता ताट. भाकरी तोडू नका, ताटातलं पाणी तोडा. आपल्याकडची आमटी पातळ असते. पुरुष आणि मुलं आधी जेवतात, पळी तळापर्यंत जाते, डाळ त्यांच्या ताटात पडते आणि घरच्या बाईच्या वाटीत शेवटी वरचं हळदीचं पाणी उरतं. त्या वाटीत दोन-तीन ग्रॅम प्रथिनंही नसतात. स्वतःची वाटी आधी काढून ठेवा, पातेलं तळापासून ढवळून. पाहुणे असोत, सण असो, तरीही.

सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम), एक भाकरी (५०  ग्रॅम पिठाची, ५ ग्रॅम) आणि पेलाभर दूध (६ ग्रॅम). अंडं चालत नसेल तर ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून, वाटून तिचे पोळे, त्यातूनही १२ ग्रॅम मिळतात. दुपारी एक भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मसुरीची घट्ट उसळ (१० ग्रॅम), हिरवी पालेभाजी, १०० ग्रॅम दही (३ ग्रॅम). चार वाजता बिस्किटाऐवजी ३० ग्रॅम फुटाणे (६ ग्रॅम). रात्री ३० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स (१५ ग्रॅम) किंवा शिजलेलं १०० ग्रॅम चिकन (२५ ग्रॅमच्या पुढे), अर्धी भाकरी, काकडी-टोमॅटो. बेरीज ६५ ते ७५ ग्रॅमच्या आसपास येते. वजन कोरड्या धान्याचं धरा, शिजल्यावरचं नव्हे. घरात छोटा काटा नसेल तर एकदा दुकानात ४० ग्रॅम मसूर मोजून कोणत्या वाटीत कुठपर्यंत येते ते बघून ठेवा. प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून हवीत. वय वाढतं तसा स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाही, एका वेळेला २० ते २५ ग्रॅम मिळाले तर तो नीट कामाला लागतो. रात्रीचं जेवण सोडणाऱ्यांचं नुकसान इथंच होतं.

कमी करायचं ते तेल, साखर, तळण, फरसाण. एका जेवणाच्या चमच्यात १२० कॅलरींचं तेल बसतं. फोडणीला सढळ हातानं ओतण्याऐवजी माणशी दिवसाला तीन-चार छोटे चमचे ठरवा. दिवसाला ४०० ते ५०० कॅलरींची घट पुरते, म्हणजे आठवड्याला सुमारे अर्धा किलो. त्याहून भराभर उतरवलं की स्नायू जातात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर हुरळू नका, त्यात बरंचसं पाणी असतं.

नुसतं खाऊनही भागणार नाही. स्नायूला भार लागतो, आणि सकाळच्या चालण्यातून मांडीला तेवढा भार मिळत नाही. भिंतीला टेकवलेली, बिनहाताची खुर्ची घ्या. पाय खांद्याएवढे लांब, नितंब मागे ढकलत तीन अंक मोजत हळू बसा, टाचांवर जोर देऊन उठा. आठ ते बारा वेळा, दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. त्याच दिवशी भिंतीला हात टेकून दंड आणि टाचा उचलणं. बारा वेळा सहज जमू लागलं की छातीशी दोन किलो जोंधळ्याची पिशवी धरा. भार वाढला नाही की प्रगती थांबते, आणि बहुतेक जण इथंच कंटाळतात. उठताना श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो. गुडघ्यात कळ आली तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, आणि कळ तशीच राहिली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आजच हात छातीवर आवळून खुर्चीतून पाच वेळा उठबस करा आणि घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झाली आहे असं धरा. आणि हे सगळं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासून घ्या. केस भराभर वजन घटल्यानं गळतात तसे थायरॉईडनं आणि रक्त कमी असल्यानंही गळतात. अंदाजानं गोळ्या घेऊ नका.

प्रश्न : ओळखीच्या ताईंनी शेक-पावडरीचा डबा दिला आहे. दोन वेळचं जेवण सोडून शेक घ्यायचा, महिन्यात सहा किलो जातात म्हणतात. मला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. (खानापूर, महिला, ४९)

आज संध्याकाळपासून हा शेक थांबवा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवा अथवा न जेवा. जेवण गेलं आणि गोळी तशीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर मोजा, सुधारणा नसेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी भाकरी-भात एकदम तोडला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. आहार बदलण्याआधी गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा, नंतर नाही.

डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर असतो, तो दाखवून विकणारे 'सरकारमान्य' म्हणतात. तो परवान्याचा नंबर आहे, वजन उतरण्याची हमी नव्हे. मागची बाजू वाचा : एका मापात प्रथिनं किती, साखर किती. मग तेवढ्याच पैशांत महिन्याची अंडी, दूध आणि मसूर किती येते ते काढा. विकणाऱ्यानं तुम्हाला क्रिएटिनिन विचारलं का? औषधं विचारली का? नसतील विचारली तर त्याला तुमच्या तब्येतीबद्दल सल्ला देण्याचा अधिकार नाही.

प्रश्न : सोमवार, गुरुवार आणि एकादशी करतो. तरी पोट कमी होत नाही. (चिकोडी, पुरुष, ५३)

साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. १०० ग्रॅम साबुदाणा, त्यावर कूट आणि तूप, की एका ताटलीत ५०० कॅलरींच्या पुढे जातं. उपवासाला दूध, दही, पनीर, राजगिरा आणि मूठभरच शेंगदाणे ठेवा. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी, म्हणून शेंगाचटणीही चमचाभरच. मधुमेह असेल तर कडक उपवास डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : वजन कमी करण्याचं इंजेक्शन घ्यावं का? वजन ९६ किलो, रक्तदाब आहे. (टिळकवाडी, बेळगाव, पुरुष, ५५)

मौंजारो आणि वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली, तेव्हापासून हा प्रश्न थांबत नाही. औषध खरं आहे, उपयोगी आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचं आहे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेली असेल किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कर्करोग असेल तर ते आधी सांगा. भूक मरते आणि माणूस दोन घासांत उठतो, म्हणून स्नायू जाण्याचा धोका इथंही आहेच. ताटातलं अंडं, मासा किंवा उसळ आधी खा, भाकरी नंतर. खुर्चीचा व्यायाम इंजेक्शनच्या पहिल्या आठवड्यापासून. मनानं बंद केलं तर वजन बहुधा परत येतं.

प्रश्न : क्रिएटिनिन १.८ आहे. प्रथिनं वाढवू का? (गोकाक, पुरुष, ५८)

नाही. वर दिलेलं प्रमाण तुमच्यासाठी नाही. मूत्रपिंडतज्ज्ञांना भेटा आणि त्यांनी ठरवलेलंच खा.

प्रश्न : जिममधलं मशीन दर आठवड्याला चरबीचा वेगळाच आकडा दाखवतं. (संकेश्वर, पुरुष, ४५)

ते मशीन शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, म्हणून पाणी प्यायल्यावर किंवा घाम गेल्यावर आकडा हलतो. दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी, शिंप्याच्या टेपनं कंबर आणि मांडी मोजा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी. कंबर उतरतेय आणि उठबस वाढतेय, तर योग्य चाललं आहे.

प्रश्न : जिल्हा ठिकाणी आहाराचा छापील तक्ता मिळाला, पण कन्नडमध्ये. अंदाजानं पाळते आहे. (कंग्राळी, महिला, ४८)

अंदाजानं पाळू नका. 'जोळ' म्हणजे जोंधळा, 'अक्की' तांदूळ, 'बेळे' डाळ, 'काळु' कडधान्य, 'रागी' नाचणी. मापं मात्र तक्ता देणाऱ्यांकडूनच पुन्हा समजून घ्या आणि समोर बसून मराठीत लिहून घ्या. दोन मिनिटं लागतात, मागायला संकोच नको.

प्रश्न : काही न करता तीन महिन्यांत सहा किलो उतरले. भूक आधीसारखीच आहे. बरंच झालं ना? पूर्वीचं वजन ७४. (अथणी, पुरुष, ५६)

बरं झालं नाही. मुद्दाम न उतरवता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर तपासणी लागते, आणि तुमचे तीनच महिन्यांत आठ टक्के गेले आहेत. भूक टिकून वजन जातं तेव्हा मधुमेह आणि थायरॉईड आधी बघतात. क्षयरोग आणि कर्करोगही तपासावेच लागतात. तीन महिने आधीच गेले, आता या आठवड्यात फिजिशियनकडे जा. जुन्या वजनांची नोंद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि तंबाखूची सवय असेल तर तीही सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. अहवाल येईपर्यंत जेवण कमी करू नका.