१४ हॅलोजन, २ डिमर आणि हप्त्यावरचे एलईडी: घ्यायचे का थांबायचं?

नमस्कार ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचून वाटलं यात काय विचारायचं, एलईडी लावा आणि मोकळे व्हा, पण दुसऱ्यांदा वाचताना त्या इलेक्ट्रिशियनच्या कोटेशनवर अडकलो. बाकीच्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. घरात सीलिंगला ५० वॅटचे १४ हॅलोजन आहेत, हॉलमध्ये ८, बेडरूममध्ये ४ आणि स्टोअररूममध्ये २. हॉल आणि बेडरूमला जुने डिमर (उजेड कमी-जास्त करायची बटणं) आहेत. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, १४ च्या १४ डिमेबल (डिमरवर चालणारे) एलईडी करा, दोन्ही डिमर बदला आणि पैसे कार्डावर हप्त्याने द्या. कार्डावर आधीचं देणं शिल्लक आहेच. मिस्टर म्हणतात कपाटात १० नवे हॅलोजन पडलेत ते आधी संपवू, आणि वर एलईडीचा उजेड कसा पांढराफटक, दवाखान्यात बसल्यासारखा.

माझं उत्तर असं. हॉलचे ८ लगेच बदला, खिशातल्या पैशाने. बेडरूमची घाई नाही आणि तिथे नवा डिमर तर नकोच. स्टोअरला हात लावू नका. हप्ता नको.

आता असं का ते. मी सगळं पैशात न मांडता विजेच्या युनिटमध्ये मांडतो, कारण दर प्रत्येकाचा वेगळा आणि तो बदलत राहतो. तुम्ही काय करायचं, बिल काढा, शेवटच्या स्लॅबला एका युनिटला किती पडतात ते बघा (एकूण बिल भागिले युनिट असं करू नका, त्यात स्थिर आकार पण येतो आणि तो काही दिवे बदलून कमी होत नाही) आणि एका एलईडीच्या किमतीला त्या दराने भागा. जो आकडा येईल तेवढी युनिटं वाचली की दिवा वसूल. मी इथे समजायला सोपं जावं म्हणून दिव्याचे ४० युनिट आणि डिमरचे १२० युनिट धरतोय, तुमचा आकडा वेगळा येईल, तो घाला.

हॉल. ८ दिवे ५० वॅटचे म्हणजे ४०० वॅट. तुम्ही लिहिलंय संध्याकाळी ५ तास चालू, त्यातले शेवटचे २ तास डिम करून. इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, हॅलोजन डिम केला की उजेड झपाट्याने कमी होतो पण वीज तेवढी कमी होत नाही, तार थंड पडत जाते आणि थंड तार उजेड कमी, उष्णताच जास्त देते. म्हणजे अर्धा उजेड करून आपल्याला वाटतं अर्धं बिल वाचलं, तसं काही नसतं. मी डिम असताना ४०० च्या जागी २८० वॅट धरतो. मग दिवसाला ३ तासाचे १.२ आणि २ तासाचे ०.५६, असे १.७६ युनिट, वर्षाला ६४२. तेवढाच उजेड देणारे ६ वॅटचे ८ एलईडी घेतले तर ४८ वॅट, डिम केल्यावर २८ धरा, दिवसाला ०.२ युनिट, वर्षाला ७३. वाचले ५६९ युनिट. ८ दिव्यांचे ३२० आणि डिमरचे १२० मिळून खर्च ४४० युनिटांचा, म्हणजे ९-१० महिन्यात सगळं वसूल, डिमरसकट. शिवाय हॅलोजनचं आयुष्य २००० तासाच्या आसपास, तुमचा हॉल वर्षाला १८०० तास चालतो, म्हणून तर तुमच्याकडे सारखा कुठला ना कुठला उडालेला असतो. एलईडीवर १५००० तास लिहिलेलं असतं, तेवढे नाही गेले आणि निम्मेच गेले तरी ४ वर्षं शिडी काढायला नको. आणि एसी लावत असाल तर अजून एक, ४०० वॅटचे हॅलोजन म्हणजे जवळजवळ ४०० वॅटचा हीटरच डोक्यावर, ती उष्णता परत एसी बाहेर फेकतो आणि त्याचे पण पैसे तुम्हीच भरता. (जिथे कडाक्याची थंडी असते तिथे हे उलटं, ती उष्णता थोडीफार कामी येते, त्यामुळे बचत कागदावरच्यापेक्षा जरा कमी निघते.)

बेडरूम. ४ दिवे, रोज तासभर. वर्षाला ७३ युनिट, एलईडी लावले तर ९, वाचले ६४. डिमेबल दिवे ४ आणि नवा डिमर म्हणजे १६० अधिक १२०, २८० युनिट. वसूल व्हायला सव्वाचार वर्षाच्या वर. आणि तुम्हीच लिहिलंय की बेडरूमचा डिमर कुणी फिरवतच नाही! मग डिमर काढून तिथे साधं बटण बसवा आणि नॉन-डिमेबल एलईडी घ्या, ते स्वस्त पण असतात. फक्त डिमर जागेवर ठेवून नॉन-डिमेबल लावू नका, फुल्लवर ठेवला तरी चालत नाही, दिवा लवकर जातो. असं केलं तर अडीच वर्षाच्या आत वसूल. कोटेशनमध्ये हा पर्यायच नव्हता, सगळीकडे डिमेबल आणि सगळीकडे डिमर, साहजिक आहे म्हणा, त्याचं ते काम आहे.

आता ते १० हॅलोजन. मिस्टरांची भावना मला कळते, पैसे देऊन आणलेली वस्तू टाकवत नाही, मलाही टाकवत नाही. पण ते पैसे गेले, आता लावले काय न लावले काय, परत येणार नाहीत. एक हॅलोजन हॉलमध्ये वर्षभर जाळला तर एलईडीपेक्षा ७१ युनिट जास्त खातो आणि नवाकोरा एलईडी आपण ४० युनिटांचा धरलाय. म्हणजे फुकटचा हॅलोजन विकतच्या एलईडीपेक्षा महाग पडतो. हे त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही हे अनुभवाने सांगतो.

कार्डाचं म्हणाल तर एरवी मी डोळे झाकून सांगतो, आधी कार्ड फेडा मग बाकीचं. इथे हॉलच्या बाबतीत मात्र तसं म्हणत नाही, कारण जी गोष्ट १० महिन्याच्या आत स्वतःचे पैसे परत देते तिच्यापुढे कार्डाचं व्याजसुद्धा मागे पडतं. पण याचा अर्थ ती कार्डावर घ्या असा होत नाही हं. हप्ता 'बिनव्याजी' म्हणतात तेव्हा प्रोसेसिंग फी असते किंवा रोखीची सूट गेलेली असते, आणि एकदा हप्ता म्हटलं की माणूस ८ च्या जागी १४ दिवे आणि दोन डिमर घेतो, कारण महिन्याला किती वाढले ते कळतच नाही. एकरकमी ८ झेपत नसतील तर आधी डिमर आणि ४ घ्या, बाकीचे ४ पुढच्या महिन्यात. तोवर एकाच डिमरवर दोन्ही जातींची खिचडी होईल, डिम केल्यावर उजेड एकसारखा दिसणार नाही, महिनाभर फुल्लवर वापरा. बेडरूमचं मात्र कार्डाचं देणं संपल्यावर बघू.

आता पैशांपेक्षा जास्त डोकं खाणारी गोष्ट, डिमर. मी स्वतः इथे आपटलोय. माझ्या घरी एका खोलीचे सगळे दिवे एका दिवशी बदलले, खोक्यावर डिमेबल लिहिलं होतं, मला वाटलं झालं. रात्री डिम केले तर बारीक घूंऽऽ असा आवाज, अजून खाली आणले तर दोन दिवे लुकलुकायला लागले आणि एक सरळ बंद. आणि बटण बंद केल्यावर अंधारात बघतो तर एक दिवा काजव्यासारखा मिणमिणतोय. दिव्यांचा दोष नव्हता, जुना डिमर शेकडो वॅटच्या लोडसाठी बनवलेला, बऱ्याच जुन्या डिमरना किमान ४०-६० वॅट तरी लागतात आणि मी त्याला ३० वॅट दिले होते. तुमचे हॉलचे ८ एलईडी मिळून ४८ वॅट, म्हणजे अगदी काठावर, आणि डिम केल्यावर त्याच्याही खाली. म्हणून हॉलला नवा डिमर मी खर्चात धरलाच आहे. घेताना ट्रेलिंग एज प्रकारचा, एलईडीसाठीचा मागा आणि त्यावर एलईडीचा लोड वेगळा लिहिलेला असतो तोच बघा, हॅलोजनचा मोठा आकडा बघून भुलू नका. शक्यतो दिवे बनवणाऱ्या कंपनीने कुठले डिमर चालतात त्याची यादी दिलेली असते, त्यातला घ्या. आणि ८ घेण्याआधी दुकानदाराला विचारा, नाही जमले तर परत घेशील का, हो म्हणाला तरच सगळे घ्या आणि खोकी फाडू नका.

अजून एक बघून ठेवा, तुमचे हॅलोजन थेट मेनवर आहेत का १२ व्होल्टचे. बल्ब उतरवून (गार झाल्यावर, आणि मेन बंद करून) मागे बघा, दोन जाड बुंध्यासारख्या पिना असतील आणि फिरवून बसत असेल तर मेनवरचा, दोन बारीक सुयांसारख्या पिना असतील तर १२ व्होल्टचा. १२ व्होल्टचा निघाला तर सीलिंगमध्ये ट्रान्सफॉर्मर दडलेला असणार, त्यालाही किमान लोड लागतो, तोही बदलायला लागू शकतो आणि मग माझा वरचा हिशोब बदलतो, तेव्हा खरेदीआधी मला कळवा.

उजेडाबद्दल मिस्टर चूक नाहीत, खूप जण ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड पांढरा) दिवे आणतात आणि मग एलईडीला शिव्या घालतात. हॅलोजनचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विन असतो, तेवढाच घ्या, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा वरचा बघा, आणि वॅट न बघता ल्युमेन, म्हणजे उजेड किती पडतो ते बघा, ५० वॅटच्या स्पॉटला ३५०-४०० ल्युमेन पुरतात. एक फरक राहीलच, हॅलोजन डिम केला की पिवळा-नारिंगी होत जातो, साधा एलईडी फक्त मंद होतो, रंग तोच. तो संध्याकाळचा नारिंगीपणा हवाच असेल तर 'डिम टू वॉर्म' म्हणून दिवे मिळतात, महाग असतात, पण हॉलच्या हिशोबात तेवढी जागा आहे. दुप्पट किंमत धरली तरी सव्वा-दीड वर्षात वसूल होतात. घरात त्यावरून रोज कुरबुर होणार असेल तर मी म्हणेन घ्या.

बसवल्यावर तीन महिने बिलातले युनिट लिहून ठेवा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा. आणि 'आता काय, एलईडीच आहेत' म्हणून रात्रभर चालू ठेवायची सवय लागते, तेवढं मुलांना सांगा. महिन्याला जे ४५-४७ युनिट वाचतील तेवढे पैसे त्याच तारखेला कार्डाच्या देण्यात जास्तीचे भरा, नाहीतर ते कुठे जातात कळत नाही.

स्टोअरचं राहिलं. रोज १० मिनिटं, दोन्ही दिवे मिळून वर्षाला ६ युनिट, एलईडीने त्यातले ५ वाचतील, ८० युनिटांचा खर्च निघायला १५ वर्षं. कपाटातले १० हॅलोजन तिथेच लावत राहा. अर्थात वर्षाला ६१ तास या वेगाने २००० तासाचा एकेक बल्ब ३०-३२ वर्षं जाईल, तेव्हा १० संपायची वाट बघू नका, ४ ठेवा आणि बाकीचे कुणाला हवेत का ते विचारा.