लक्सरची सहा मिनिटे : वाचकांचे प्रश्न

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाविषयी नाशिकच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त करावी लागली.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. २००९ साली खग्रास ग्रहण पाहण्यासाठी सुरतेला गेलो होतो, परंतु ढगांमुळे काहीच दिसले नाही. २०२७ साठी सहल कंपन्या स्पेनचा दक्षिण किनारा आणि इजिप्तमधील लक्सर अशी दोन ठिकाणे सुचवतात. कोणते निवडावे? शिवाय त्याच दिवशी नाशिकला सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे. आम्ही निघायचे केव्हा? (गंगापूर रोड)

उत्तर : २२ जुलै २००९ च्या त्या सकाळी मीही सुरतेतच होतो. ढगांच्या आडच अंधार पडला, काही मिनिटांनी पुन्हा उजाडले, आणि ज्यासाठी रात्रभर प्रवास केला ते प्रभामंडल (सूर्याभोवतीचे विरळ तेजोवलय, करोना) कोणालाच दिसले नाही. तेव्हापासून कोणी विचारले तर मी एकच सांगतो : खग्रास अवस्था किती मिनिटे टिकणार हा दुसरा प्रश्न आहे, त्या महिन्यात, दिवसाच्या त्या प्रहरी, त्या गावचे आकाश कसे असते हा पहिला. २०२७ मध्ये सुदैवाने दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते. लक्सरला ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतोच आणि या ग्रहणाची सर्वांत दीर्घ खग्रास अवस्था, म्हणजे सहा मिनिटे तेवीस सेकंद, त्याच परिसरात आहे. प्रत्यक्ष लक्सर शहरात ती त्याहून काही सेकंदच कमी असेल. स्पेनमध्ये कादिझला सुमारे तीन मिनिटे आणि मालागाला दोन मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो. तेथील उन्हाळाही कोरडाच असतो, पण ग्रहण सकाळचे आहे आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीलगत सकाळी धुके किंवा खालचे ढग येण्याचा धोका राहतो. उन्हाची फार भीती नसेल तर आपण लक्सरच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहल कंपनीकडून एक गोष्ट मात्र लेखी घ्यावी. ‘इजिप्तमध्ये ग्रहण’ एवढ्या शब्दांवर पैसे भरू नयेत, कारण कैरो खग्रास पट्ट्याच्या बाहेर आहे आणि तेथे ग्रहण खंडग्रासच दिसेल. ग्रहणाच्या दिवशी दुपारी आपण नेमके कोणत्या गावी उभे असू, हे विचारावे. नव्याण्णव टक्के सूर्य झाकला गेला तरी काय बिघडले, असे अनेकांना वाटते. प्रभामंडलाचे तेज पूर्ण सूर्याच्या तेजाच्या सुमारे एक दशलक्षांश असते. म्हणजे सूर्याचा एक टक्का उघडा राहिला तरी तो प्रभामंडलापेक्षा दहा हजार पट तेजस्वी असतो आणि त्याच्यापुढे ते दिसत नाही. पट्ट्याच्या रेषेबाहेर एक किलोमीटरवर उभे राहणे म्हणजे मुख्य दृश्य गमावणेच होय.

आता निघण्याविषयी. २ ऑगस्ट २०२७ हा सोमवार आहे आणि सूर्यग्रहण अमावस्येलाच होत असल्याने ती सोमवती अमावस्या आहे. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान त्याच दिवशी होईल. त्याआधीचे तीन-चार दिवस नाशिकमधील रस्ते, रेल्वे आणि बससेवा यांवर भाविकांच्या गर्दीचा भार असणार, शिवाय ऐन पावसाळ्यात कसारा घाटातली वाहतूक केव्हा खोळंबेल याचा नेम नसतो. म्हणून मुंबईचे विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी पहाटे घर सोडण्याची आपली नेहमीची सवय या वेळी बाजूला ठेवावी. २८ जुलैच्या सुमारास नाशिक सोडावे, एक मुक्काम मुंबईत करावा आणि ३० जुलैला संध्याकाळपर्यंत लक्सरला पोहोचावे. सामान चुकले, विमान रद्द झाले तरी हाताशी दोन दिवस उरतात. परतीचे तिकीट ४ ऑगस्टनंतरचे घ्यावे. ग्रहण संपल्याबरोबर सगळेच विमानतळाकडे धावतात.

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर, १५०–६०० मिमीची लेन्स आणि चांगला ट्रायपॉड आहे, ट्रॅकर (सूर्यामागे कॅमेरा फिरवणारे यंत्र) नाही. ६०० मिमीवर प्रभामंडलाचे जवळून छायाचित्र घ्यायचे आहे. एक्स्पोजर किती ठेवावे? (इंदिरानगर)

उत्तर : आपण ६०० मिमीचा आग्रह सोडावा. सेन्सरवर पडणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास काढण्याची सोपी रीत अशी की, लेन्सच्या फोकल लांबीला १०९ ने भागावे. ६०० मिमीवर बिंब साडेपाच मिलिमीटरचे पडते. आपल्या सेन्सरची लहान बाजू सुमारे पंधरा मिलिमीटर आहे. म्हणजे बिंबाच्या वरखाली एका व्यासाएवढीही जागा उरत नाही, आणि प्रभामंडलाचे तंतू तर त्याच्या कितीतरी पलीकडे पसरलेले असतात. ४०० मिमीवर बिंब सुमारे ३.७ मिमीचे होते व भोवती जागा राहते. ३०० मिमीलाही माझी हरकत नाही.

दुसरी अडचण अनेकांच्या लक्षातच येत नाही. लक्सरला खग्रास अवस्थेच्या वेळी, म्हणजे स्थानिक वेळेनुसार दुपारी एकच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून सुमारे ८२ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असेल. जड लेन्स लावलेला कॅमेरा त्या कोनात उभा करताना ट्रायपॉडचा पाय आड येतो, बॉल हेड घसरते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पाहण्यासाठी जमिनीवर आडवे व्हावे लागते. फिरणारा स्क्रीन असलेला कॅमेरा किंवा काटकोनी व्ह्यूफाइंडर येथे फार उपयोगी पडतो. याचा सराव नाशिकमध्येच करता येतो. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिनाभर दुपारी साडेबाराच्या सुमारास नाशिकचा सूर्य ८२ अंशांहून वर असतो, आणि २० मेच्या आसपास शून्य सावलीच्या दिवशी तर तो नेमका माथ्यावर येतो. त्या उन्हात गच्चीवर ट्रायपॉड लावून, सौर फिल्टर चढवून, पूर्ण तालीम करावी. जुलैत नाशिकचे आकाश सरावाला मिळेल याची खात्री नाही, म्हणून हे मे महिन्यातच उरकावे.

ट्रॅकर नसल्याने सूर्य चौकटीतून सरकत राहील. तो दोन मिनिटांत सुमारे स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. सहा मिनिटांत तीन व्यास. कॅमेऱ्याची लांब बाजू सूर्याच्या सरकण्याच्या दिशेला ठेवून, सुरुवातीला बिंब मध्यापासून थोडे मागे धरावे. मग खग्रास अवस्थेत बहुधा एकदाच चौकट हलवावी लागेल. याच सरकण्यामुळे ४०० मिमीवर शटर १/४ सेकंदापेक्षा संथ ठेवू नये, नाहीतर तंतू पुसट होतात. ही मर्यादा सांभाळण्यासाठी आयएसओ ४०० आणि एफ ८ ठेवावे. या मापांवर कडेच्या गुलाबी ज्वाळांना १/३२०० सेकंद, बिंबालगतच्या तेजस्वी प्रभामंडलाला १/८०० ते १/२०० सेकंद, अर्ध्या त्रिज्येच्या अंतरावरील भागाला १/५० सेकंद, आणि बाहेरच्या विरळ भागाला १/१२ ते १/४ सेकंद लागतात. एका छायाचित्रात हे सगळे मावत नाही. म्हणून कॅमेऱ्याची ब्रॅकेटिंगची (ओळीने वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे घेण्याची) सोय वापरून १/३२०० पासून १/४ पर्यंतची मालिका रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावी आणि नंतर घरी ती एकत्र करावी.

फोकस खंडग्रास अवस्थेतच, फिल्टर लावलेला असताना, लाइव्ह व्ह्यूवर बिंबाची कड किंवा सूर्यडाग पाहून हाताने साधावा व रिंगवर चिकटपट्टी लावावी. वाळवंटी उष्णतेत लेन्स तापून फोकस सरकतो, म्हणून खग्रास अवस्थेच्या दहा मिनिटे आधी तो पुन्हा पाहावा आणि तोवर कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाकून ठेवावा. हिऱ्याच्या अंगठीच्या क्षणी, म्हणजे सूर्याचा शेवटचा तेजस्वी ठिपका उरतो तेव्हा, फिल्टर काढावा, दुसऱ्या बाजूने प्रकाशाचा पहिला ठिपका उगवताच पुन्हा चढवावा. फिल्टर कायम लेन्सच्या पुढच्या बाजूला हवा. तो काढलेला असताना आणि सूर्याची कड उघडी असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावणे म्हणजे दृष्टी गमावण्याची जोखीम आहे. याला अपवाद नाही.

रात्रीची तालीमही करावी. चंद्रबिंब सूर्याएवढेच दिसते आणि बिंबालगतच्या प्रभामंडलाचे तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास असते. कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना हाच कॅमेरा, हीच लेन्स आणि हीच मालिका वापरून पाहावी. डोळे मिटून बटणे सापडेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी.

हा आग्रह धरण्याचे कारण सांगतो. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, ऐन दिवाळीत, मी राजस्थानात नीम का थाना येथे उभा होतो. खग्रास अवस्था जेमतेम पन्नास सेकंदांची होती. ती सगळी मी शटरचा वेग बदलण्यात घालवली. घरी आलो तेव्हा फिल्मवर काही अस्पष्ट ठिपके होते आणि प्रभामंडल कसे दिसले हे मला शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारावे लागले. त्याचे दुःख आजही आहे. लक्सरला सहा मिनिटे मिळणार आहेत. पहिले दीड मिनिट मालिकेला द्यावे, कॅमेरा रिमोटवर ठेवावा, आणि पुढची चार मिनिटे कॅमेऱ्याकडे पाठ करून केवळ आकाशाकडे पाहावे. शेवटच्या काही सेकंदांत पुन्हा हिऱ्याच्या अंगठीसाठी यावे. हे वेळापत्रक कागदावर लिहून ट्रायपॉडला बांधावे.

प्रश्न : माझ्याजवळ मोबाइल फोनच आहे. काकांबरोबर लक्सरला जाण्याची संधी आहे. फोनने काही जमेल का? (सिडको)

उत्तर : सूर्याचे छायाचित्र फोनने चांगले येणार नाही; बिंब फार लहान पडेल. फोनने सभोवतालचे टिपावे. छोट्या ट्रायपॉडवर फोन आडवा लावून, खग्रास अवस्थेच्या पाच मिनिटे आधी चित्रीकरण सुरू करावे आणि त्याला नंतर हातही लावू नये. आपल्या माणसांचे चेहरे, पश्चिमेकडून धावत येणारी सावली, सगळ्या क्षितिजावर एकाच वेळी पसरलेला संध्याकाळचा रंग आणि लोकांचे आवाज हे सर्व त्यात येते. काकांकडे १४ मिमीची लेन्स आणि फुल फ्रेम कॅमेरा असेल तर तो उभा धरून, अर्धा वर कलवून, क्षितिज आणि डोक्यावरचा सूर्य एकाच चौकटीत आणता येतील. खंडग्रास अवस्थेत झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेल्या शेकडो चंद्रकोरी मात्र फोनने अगदी उत्तम टिपता येतात. ड्रोन नेण्याचा विचार करू नये. पूर्वपरवानगीशिवाय तो इजिप्तमध्ये नेता येत नाही.

प्रश्न : आईचे वय ७२ आहे आणि तिला मधुमेह आहे. तिला ग्रहण पाहण्याची फार इच्छा आहे. लक्सरचे ऊन झेपेल का? चष्मे कोणते घ्यावेत? (नाशिकरोड)

उत्तर : लक्सरला ऑगस्टच्या दुपारी तापमान ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. मे महिन्यातल्या नाशिकपेक्षा ते कडक आहे, आणि खंडग्रास अवस्था खग्रासाच्या सुमारे दीड तास आधी सुरू होते. आईंनी तो दीड तास उन्हात बसण्याची गरज नाही. गच्ची असलेले, नाईलकाठचे हॉटेल शोधावे. त्यांना खोलीत गारव्यात बसू द्यावे आणि खग्रास अवस्थेला वीस मिनिटे असताना गच्चीवर आणावे. तोवर सूर्य बराच झाकला गेल्याने उन्हाची धारही उतरलेली असते. इन्सुलिन घेत असतील तर ते थंड ठेवणारी पिशवी, औषधांच्या चिठ्ठीची इंग्रजी प्रत आणि पुरेसा साठा हातातल्या सामानात ठेवावा. प्रवासाआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यकच आहे. हाताच्या सामानाविषयी आणखी एक : कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्याही सोबतच न्याव्या लागतात. महागडी उपकरणे नेत असाल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही.

चष्म्यांवर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले असावे आणि ते विश्वासू विक्रेत्याकडून घ्यावेत. ओरखडा किंवा भोक पडलेला चष्मा टाकून द्यावा. एक्स-रेच्या फिल्म, काजळी धरलेली काच, साधे गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. आईंना एवढे आधीच सांगून ठेवावे की, पूर्ण अंधार पडल्यावर चष्मा काढायचा असतो. चष्मा लावून बसलेल्या माणसाला त्या सहा मिनिटांत काळ्याशिवाय काहीच दिसत नाही. प्रकाशाचा पहिला ठिपका परतताच तो पुन्हा लावावा.

प्रश्न : आमचे घर पंचवटीत आहे आणि सिंहस्थात पाहुण्यांनी भरलेले असणार, त्यामुळे २०२७ ला घर सोडणे अशक्य आहे. यानंतरची संधी कोणती? भारतात केव्हा आहे? (पंचवटी)

उत्तर : एक काळ असा होता की जग ग्रहणासाठी आपल्याकडे येई. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले होते आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील कावसजी नायगमवाला यांनी आपली वेधशाळेची उपकरणे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला नेली होती. भारतातले पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी आहे, परंतु त्याचा पट्टा अगदी उत्तरेकडून, लडाखच्या भागातून जातो आणि तेव्हा तेथे हिवाळा पुरता ओसरलेला नसतो.

त्याआधी, २०२७ च्या पुढच्या वर्षीच, शनिवार २२ जुलै २०२८ रोजी ऑस्ट्रेलियात खग्रास ग्रहण आहे आणि आपल्यासारख्या कुटुंबाला ते अधिक सोयीचे पडेल. खग्रास पट्टा थेट सिडनी शहरावरून जातो. तेथे पावणेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळेल, तेव्हा तिकडे हिवाळा असल्याने ऊन सौम्य असेल, आणि दुपारी दोनच्या सुमारास सूर्य वायव्येला तीसेक अंशांवर असल्याने बंदर व ग्रहण एकाच चौकटीत घेता येतील. किनाऱ्यावरील ढगांची शंका वाटत असेल तर पट्ट्यातच राहून आतल्या कोरड्या प्रदेशाकडे जाण्यासाठी एक दिवस आणि भाड्याची गाडी राखून ठेवावी.

२०२७ च्या त्या दिवशीही आपण अगदीच वंचित राहणार नाही. नाशिकहून दुपारनंतर ग्रहण खंडग्रास दिसणार आहे. रामकुंडावरून परतलेल्या पाहुण्यांसाठी मानक चष्म्यांची पाच-सहा पाकिटे घरात आणून ठेवावीत, आणि श्रावणापूर्वीच्या त्या ढगांना पश्चिमेकडे थोडी जरी फट पडली तरी सर्वांना गच्चीवर बोलवावे.