उभ्या ट्रॉलीवर आदळले, म्हणून दावा बुडत नाही

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातले. भुसावळची दुसरी पाळी सुटून मालक रात्री मोटारसायकलवर घरी येत होते. केळीनं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ते मागून आदळले, मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी चूक त्यांचीच लिहिली, हेल्मेटही नव्हतं. ट्रॅक्टरवाला गावातलाच. वीस हजार घ्या आणि स्टॅम्पवर सही करा, म्हणतो. काय करावं?

उत्तर : ताई, सही करू नका, यजमानांनाही करू देऊ नका. तोच कागद उद्या भरपाईच्या दाव्यात तुमच्यासमोर येईल.

गावात तोंड कसं दाखवायचं, ही तुमची खरी अडचण. त्या भाऊंना सांगा, विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते, त्यांचा खिसा रिकामा होत नाही. विमा नसेल तर मात्र बोजा त्यांच्यावरच येईल. वीस हजारांची घाई कशासाठी, हे मग तुम्हीच ओळखा.

पोलिसांनी लिहिलं म्हणून भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण तेच धरून चालत नाही. धोकादायक रीतीनं वाहन उभं करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नं मनाई आहे. उभं वाहनही कायद्याच्या भाषेत 'वापरात' असू शकतं, म्हणजे त्याच्यामुळे झालेल्या अपघाताचीही भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच सांगितलं, तेही महाराष्ट्रातल्याच एका टँकरच्या प्रकरणात. आपल्याकडे ट्रॉलीमागे दोन दगड आणि एक फांदी ठेवली की काम झालं, असं मानतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात, तो वेगळाच वैताग. दिव्याची आणि रिफ्लेक्टरची जागा फांदी घेत नाही. तरी वेग, लाइट यावरून थोडा दोष यजमानांवर येऊन रक्कम काही टक्के कमी होऊ शकते, तेवढी तयारी ठेवा.

हेल्मेटचा मुद्दा कंपनी काढणारच. पण मोडली मांडी. हेल्मेटनं ती वाचली असती का, एवढंच वकिलांना विचारू द्या. दंड भरावा लागला तर भरा, तो विषय निराळा.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत, कलम 166 खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तुम्ही राहता तिथल्या हद्दीतही तो चालतो. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. पंचनाम्याची नक्कल आजच मागा आणि त्यात रिफ्लेक्टरबद्दल काय लिहिलंय ते बघा. काहीच नसेल तर त्या रात्री मोबाइलवर फोटो कुणी काढले, शोधा. औषधाचं प्रत्येक बिल आणि बुडालेल्या पगाराचा दाखला जपून ठेवा. ट्रॅक्टरचा नंबर वेगळा, ट्रॉलीचा वेगळा. दोन्ही टिपा, विमा दोन्हींचा तपासावा लागतो.