आधी त्याच्या घरी जा

ख्रिस्तात प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र काल रात्री वाचलं. आज पहाटेच्या प्रार्थनेत तुम्हा दोघांची नावं घेतली, तुझं आणि त्या मुलाचं. तरुण संघाच्या शिबिराचे पैसे त्याने गोळा केले, हिशेब विचारला की तो विषय बदलतो, आणि आता मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर सभा घेऊन त्याला सगळ्यांसमोर विचारावं का, असं तू लिहिलंस. अजून नको. आधी त्याच्या घरी जा.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात प्रभूने क्रम सांगून ठेवला आहे. आधी तू आणि तो, एकांतात. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन. त्यानंतर मंडळी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी मंडळीभर होतं, मग चार जण बसून खल करतात, आणि ज्याची गोष्ट त्याच्या कानावर सगळ्यांत शेवटी जाते. त्याच वचनात पुढे आहे, त्याने ऐकलं तर ‘तू आपला भाऊ मिळवलास’. तो ‘मिळवलास’ शब्द तुझ्या बायबलात पेन्सिलीने अधोरेखित करून ठेव. तू जाणार आहेस ती त्यासाठी.

मला हे फार उशिरा कळलं, आणि माझ्या हातून एक मुलगा दुरावल्यावर कळलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, तरुण संघ माझ्याकडे होता. आमच्यात तबला वाजवणारा एक मुलगा होता. शनिवारच्या प्रार्थनासभेला तो हमखास अर्धा तास उशिरा यायचा आणि मला ते सहन व्हायचं नाही. एका शनिवारी तो दाराशी चपला काढून आत आला, सतरंजीच्या कडेला बसला, आणि मी मोठ्याने प्रार्थना सुरू केली, “हे प्रभू, ज्यांना तुझ्या कामापेक्षा आपली सोय मोठी वाटते त्यांच्या अंतःकरणाला स्पर्श कर.” नाव घेतलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा सतरंजीची ती कड रिकामी होती. तबल्यावरचं कापडही तसंच होतं.

नंतर समजलं की त्याचे वडील संध्याकाळी पिऊन यायचे. ते झोपेपर्यंत हा धाकट्या बहिणींना घरात एकटं सोडत नसे. माझ्या खोलीपासून त्याचं घर दहा मिनिटांवर होतं आणि दोन वर्षांत मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. पुढे गेलो, क्षमा मागितली. त्याने मनापासून क्षमा केली, त्याच्या आईने चहा दिला. पण संघात तो परत आला नाही.

म्हणून सांगतो, प्रार्थनेतून कुणाला बोल लावू नकोस. देवाशी बोलतो असं दाखवून माणसाला मारायचं, याइतकं वाईट मला दुसरं काही वाटत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एखाद्याला लागेल असं वचन टाकणं, स्टेटसला ठेवणं, ‘त्याच्यासाठी प्रार्थना करा हं’ म्हणत बातमी पसरवणं, हेही त्यातलंच.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो, अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा. तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मार्काने याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते तिथे वापरलं आहे. कोकण किनाऱ्यावर काही वर्षं राहिलो, तेव्हा हे काम मी तासन् तास पाहिलं. होडीच्या सावलीत बसलेला म्हातारा जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरायचा. आधी भोक किती मोठं आहे ते बोटांनी चाचपायचा, कडेचे कुसके धागे कापायचा, आणि मग जिथे जाळं शाबूत आहे तिथून सुई घालून एकेक गाठ मारत आत यायचा. सुरुवात नेहमी शाबूत भागातून. त्या मुलात काय शाबूत आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिबिरात ताप आलेल्या पोराजवळ तो रात्रभर बसला होता, हे तूच मला मागे लिहिलं होतंस. बोलणं तिथून सुरू कर.

कुणीतरी तुला सांगेल, ‘न्याय करू नका’ असं प्रभूने म्हटलंय, गप्प बस. कुसळ-मुसळाचं वचन शेवटपर्यंत वाच. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं आहे ते. कुसळ राहू द्या, असं प्रभू म्हणत नाही. आणि इथलं मुसळ मला दिसतं आहे. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती रोख रक्कम एकट्याने सोपवली, सोबत दुसरं कुणी नाही, महिन्याला वही बघणारं कुणी नाही. ही चूक तुम्हा सगळ्यांची आहे, आणि ती त्याच्यापाशी आधी कबूल कर.

पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर बोल लावला, हा दाखलाही कुणी देईल. यहूदी नसलेल्या बांधवांच्या पंगतीतून पेत्र उठून वेगळा झाला होता. त्याचं हे वागणं चारचौघांतलं होतं आणि त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही ओढला गेला होता, म्हणून ते चारचौघांत बोलावं लागलं. मला प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय जास्त जवळचा वाटतो. अपुल्लो इफिसच्या सभास्थानात जोरदार बोलत होता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं, त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला त्याला बाजूला घेऊन गेले आणि देवाचा मार्ग त्याला अधिक नीट समजावून सांगितला. सभास्थानात त्याला कुणी अडवलं नाही. समजावणाऱ्यांत एक बाई होती, हेही लक्षात असू दे.

एक गोष्ट मात्र वेगळी. कुणी लहान मुलाशी किंवा मुलीशी वाईट वागल्याचं कानावर आलं, तर हा एकांताचा क्रम तिथे लावायचा नाही. आधी ते मूल सुरक्षित कर आणि पोलिसांत कळव, पाळकांनाही सांग. लैंगिक अत्याचारापासून मुलांचं रक्षण करणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मंडळीच्या अब्रूची भाषा कुणीही केली तरी थांबायचं नाही.

शनिवारी जा, त्याची आई घरी असेल अशा वेळी, आणि ओसरीवर बसून बोला. “पैसे कुठे गेले?” असं विचारू नकोस. “हिशेब कुठे अडलाय? आपण दोघं मिळून बघू या का?” असं विचार. कदाचित त्याला वही लिहिताच येत नसेल. कदाचित घरात खर्च झाले असतील. तसं असेल तर लपवून ठेवण्याचा शब्द देऊ नकोस, पैसे मंडळीचे आहेत. ‘पाळकांकडे मी तुझ्याबरोबर येते’ हा शब्द दे, आणि खरंच जा. त्यानंतरच्या रविवारी त्याच्या शेजारी बस.

पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी प्रभूला नाकारलं होतं. पुढे समुद्रकाठी प्रभूने पुन्हा कोळशाचा विस्तव केला, त्यावर मासळी ठेवली, त्यांना खाऊ घातलं, आणि न्याहारी झाल्यावर विचारलं, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” तूही पावतीपुस्तक पिशवीतच राहू दे, चहा होईपर्यंत काढू नकोस. त्याच्या आईला माझा सलाम सांग.

ख्रिस्तात तुझा,
काका