ध्यानाला बसले की विचार वाढतात. मग मन शांत कसे करावे?

तुम्ही लिहिले आहे की, छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना मन एका पानावर टिकत नाही, मोबाइलमधले ॲप लावून ध्यान करून पाहिले तर विचार कमी होण्याऐवजी दुप्पट झाले, आणि दहा-बारा दिवसांत तुम्ही ते सोडून दिले. दोष तुमच्या मनात आहे की पद्धतीत, असा तुमचा प्रश्न आहे. मी कोणी साधक नाही की डॉक्टर नाही. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब लिहितो आणि गेली काही वर्षे रोज पहाटे वीस मिनिटे बसतो, एवढाच माझा अधिकार. त्या अनुभवावरून आणि थोड्याफार वाचनावरून सांगतो की दोष दोन्हींत नाही. ज्याला तुम्ही ध्यान फसणे म्हणता, तिथूनच ध्यान सुरू होते, आणि तुम्ही नेमके तिथेच उठलात.

विचार वाढले, असे वाटते खरे. प्रत्यक्षात ते पहिल्यांदाच दिसू लागलेले असतात. दुपारी सौदा निघाला की आमच्या यार्डात इतका गलका असतो की दुकानातल्या पंख्याची खरखर कोणाच्या कानावर येत नाही. संध्याकाळी हमाल घरी गेले, शेवटचा टेम्पो निघाला की तोच पंखा कान खातो. पंखा मात्र सकाळपासून तसाच फिरत असतो. २०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २,२५० प्रौढांना मोबाइलवरून दिवसात अधूनमधून विचारले की या क्षणी तुम्ही काय करत आहात आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतेच. तेव्हा भटकणे हा तुमच्या एकट्याच्या मनाचा आजार आहे, ही समजूत आधी काढून टाकावी.

दुसरी समजूत म्हणजे विचार थांबवायचे असतात ही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे बजावले आणि तरी तो आलाच तर घंटी वाजवायला सांगितले. घंट्या वाजतच राहिल्या. मनाला मनाई केली की ते त्याच गोष्टीवर पहारा ठेवू लागते, आणि पहारा ठेवायचा म्हणजे ती गोष्ट सतत आठवावीच लागते. तुमचे ॲप ‘मन रिकामे करा’ असे सांगत असेल, तर ते बंद केलेत हे योग्यच झाले.

मग करायचे काय? आमच्या लहानपणी गावाकडे ओढाळ वासरू असे, म्हणजे दावे सुटले रे सुटले की दुसऱ्याच्या पिकात शिरणारे. त्याला मारून उपयोग नसे. चुलते ते धरून आणत, खुंट्याला बांधत आणि दावे जरा लांब ठेवत. वासरू हिसके देई, गोल गोल फिरे, दाव्यात पाय अडकवून घेई, आणि बऱ्याच वेळाने खुंट्याजवळच बसून रवंथ करू लागे. पुढे वाचनात आले की पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात श्वासाच्या ध्यानासाठी हीच वासराची आणि खांबाची उपमा दिली आहे. तिथे वासरू म्हणजे मन, खांब म्हणजे श्वास आणि दोरी म्हणजे स्मृती. हिलाच आज आपण सजगता म्हणतो. या उपमेत माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की वासराला हिसके देण्याची मुभा आहे. खुंटा हलू नये, एवढीच अट आहे.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. मांडी घालून जमत नसेल तर खुर्चीवर बसावे, पाय जमिनीला टेकवावेत, पाठ सरळ पण सैल असावी. श्वास मुद्दाम लांब करायचा नाही. तो नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, जिथे जाणवतो तिथे फक्त जाणून घ्यायचा. आत येणारा किंचित गार असतो, बाहेर जाणारा किंचित कोमट. पहिले तीन-चार श्वास ठीक जातात. पाचव्याला मला आठवते की काल एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदात, तोलाई म्हणजे मापाची मजुरी दोनदा वजा झाली की काय. तिथून मालकाचा चेहरा, तिथून मुलीची फी, तिथून शाळेच्या फाटकाशी उभा असलेला उसाच्या रसाचा गाडा. मग अचानक, कोणी खांद्यावर हात ठेवल्यासारखे लक्षात येते की आपण रसाच्या गाड्यापाशी उभे आहोत. या क्षणाकडे नीट पाहा. तो तुम्ही आणलेला नसतो. आपोआप येतो, आणि आला तेव्हा मन आधीच परतलेले असते. पुढचे काम इतकेच उरते की ‘विचार होता’ अशी नोंद करावी आणि पुढचा श्वास जाणावा. वीस मिनिटांत हे पन्नास वेळा झाले तर पन्नास वेळा सराव झाला. एकदाही न झाल्यास मला तरी डुलकी लागल्याचा संशय येतो.

नेमके इथेच बहुतेक जण स्वतःवर चिडतात, मीही दोनेक वर्षे चिडत असे. हा राग म्हणजे पुन्हा एक विचारच असतो, फक्त शिस्तीचा सदरा घातलेला, म्हणून तो ओळखू येत नाही. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांब गावचा. त्यांचे मनाचे २०५ श्लोक आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केले, पण ते मनाला ‘सज्जना’ अशी हाक मारून बोलायला बसतात, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ज्याला बोलावून आणायचे त्याला चोर म्हणून कसे चालेल?

मी हे शिकलो दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात. ब्रह्मदेशातल्या मंडाले येथे जन्मलेले सत्यनारायण गोएंका तिकडे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांच्या शिबिरांचे प्रमुख केंद्र झाले. पहाटे चारला घंटा, मौन, मोबाइल जमा आणि पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहणे असा क्रम असतो. शुल्क घेत नाहीत, शिबिर पूर्ण करणाऱ्याला वाटले तर तो दान देतो. दुसऱ्या दिवशी मी त्या शांत सभागृहात बसून मागच्या हंगामाची सगळी हमाली बेरजेसह मनात लिहून काढली होती. तरीही तुम्हाला माझा सल्ला असा की परीक्षा तोंडावर असताना तिकडे धावू नये. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे शिबिरात सांगतात. मला ते जमले नाही, आणि जमत नाही म्हणून मी चार महिने काहीच केले नाही. वीस मिनिटे ही त्यानंतरची तडजोड आहे. तुम्ही दहापासून सुरुवात करा. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णालयांत रुळलेला सजगतेचा कार्यक्रमही याच मुळावर उभा आहे. जॉन कबाट-झिन यांनी तो १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, आणि त्याची मुदत आठ आठवड्यांची असते. दहा-बारा दिवसांत निकाल लावणे म्हणूनच घाईचे वाटते.

श्वासाचा आणि शरीराचा संबंध तपासायला ग्रंथ लागत नाही. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा; घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात, तरुणांत तर हे सहज कळते. परीक्षेच्या आधी छाती धडधडू लागली तर सोडण्याचा श्वास घेण्यापेक्षा लांब ठेवावा, तो याचसाठी. पण हा तात्पुरता उपाय झाला; बैठकीत मात्र श्वासाला हात लावू नये.

डोळे मिटून बसणे सगळ्यांना मानवते असे नाही, आणि हे मला आईमुळे कळले. आमचे घर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे माळवद, म्हणजे मातीचे जड छत, लोकांच्या अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही वाचलो, पण आईला त्यानंतर पहाटे चारला जाग येऊ लागली ती आजतागायत. रस्त्यावरून मालट्रक गेला तरी ती भिंतीकडे पाहते. मी शिबिरातून नव्या उत्साहाने आलो आणि तिला शेजारी बसवले, दोन मिनिटांत ती घामेजली, म्हणाली, “बाबा, डोळे मिटले की पायाखालचं हलतं रे.” शरीराने जे एकदा भोगले ते अंधारात पुन्हा वर येते, आणि अशा माणसाला ‘आत पाहा’ म्हणून बसवणे हा उपचार होत नाही. आता ती पहाटे अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत येरझारा घालते, डोळे उघडे ठेवून, टाच टेकली, चवडा टेकला, असे मनाशी म्हणत. बौद्ध परंपरेत अशा चालण्याला चंक्रमण म्हणतात, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, नाव काही का असेना, पाय गार पडत नाहीत.

तुमच्याही बाबतीत डोळे मिटल्यावर धाप लागत असेल, जुने प्रसंग अंगावर येत असतील, आठवडेच्या आठवडे झोप नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ध्यान बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. अभ्यासाच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्यांनी हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवलेला बरा.

तुम्ही संभाजीनगरात आहात, तर एखाद्या रविवारी अजिंठ्याला जाऊन २६ क्रमांकाचे लेणे पाहून या. शंभरेक किलोमीटर अंतर आहे. लोक तिथल्या महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीपुढे थांबतात आणि परत फिरतात, पण त्याच लेण्यात मारविजयाचे, म्हणजे ध्यान मोडायला आलेल्या माराला बुद्धांनी जिंकल्याचे, शिल्प आहे. वर हत्तीवर बसलेला मार, शस्त्रे उगारलेली त्याची सेना, खाली नाचणाऱ्या त्याच्या मुली, आणि मधोमध बसलेले बुद्ध, ज्यांचा उजवा हात जमिनीला स्पर्श करतो आहे. शिल्पकाराने सेनेला हाकलून लावलेले नाही. सगळा गोंधळ तिथेच आहे. मी ते शिल्प पाहून आल्यापासून, फार अस्वस्थ वाटले की दुकानाच्या शहाबादी फरशीवर तळहात टेकवतो आणि तिचा गारवा दहा श्वासांपर्यंत जाणून घेतो. गिऱ्हाइकाला वाटते, खाली पडलेली पावती उचलतो आहे.

अभ्यासापुरते एक वेगळे सांगतो. पुस्तक वाचताना बाजूला कोरा कागद ठेवा आणि मन निसटल्याचे लक्षात आले की त्यावर एक उभी रेघ ओढून त्याच ओळीवर परत या, दुसरे काही करू नका. पहिल्या दिवशी रेघा फारच थोड्या पडतील, कारण निसटल्याचे लक्षातच येणार नाही. त्या वाढू लागल्या की घाबरू नका. मोबाइल खोलीबाहेर असावा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि बसणे चुकले तर चुकले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या पहाटे येते त्या पहाटे माझी बैठक होत नाही. तेव्हा नळाखाली हंडा लावून मी तिथेच उकिडवा बसतो. रिकाम्या हंड्यात धार पडते तेव्हा आवाज घुमतो, जाड असतो. पाणी चढत जाते तसा तो बारीक होत जातो, आणि गळ्याशी आले की एकदम वर चढतो. न पाहता, केवळ ऐकून, पाणी सांडण्याच्या आत हंडा सरकवायचा. ज्या दिवशी मन पट्टीतल्या तोलाईपाशी गेलेले असते, त्या दिवशी पाय भिजतात.