संगणकशास्त्राकडे जाणाऱ्या मुलीने इतिहास किती घ्यावा?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रिमाँट येथे राहतो. मुलगी नववीत असून तिला पुढे संगणकशास्त्र शिकायचे आहे. सामाजिक शास्त्रांचे साधे वर्ग घेऊन गणित-विज्ञानाच्या एपी (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या) विषयांसाठी वेळ राखावा, असे आम्हा दोघांना वाटते; शाळेतल्या समुपदेशक मात्र एपी इतिहास सुचवतात. काय करावे?
– एक पालक

उत्तर : किमान अट आपल्या मुलीकडून आपोआप पूर्ण होईल. कॅलिफोर्नियात शालान्त पदविकेसाठी जागतिक इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि अर्धे-अर्धे वर्ष शासनव्यवस्था व अर्थशास्त्र घ्यावेच लागते, तर कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसी) इतिहासाची दोनच वर्षे मागते आणि अर्थशास्त्र ऐच्छिक विषयांत धरते.

प्रश्न आहे तो पातळीचा, आणि तिथे आपला हिशेब मला थोडा चुकीचा वाटतो. यूसी प्रवेशासाठी एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण पाहत नाही. त्यामुळे घेतलेले विषय आणि त्यांतील श्रेणी यांना अधिक वजन येते. सरासरी दहावी-अकरावीच्या श्रेणींवरून काढली जाते आणि तीत एपीसारख्या वर्गांचे वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सत्रांचे, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांचे, मिळतात. ते चारही विषय विज्ञानाचेच असले पाहिजेत, असे कोठेही म्हटलेले नाही.

म्हणून अकरावीत एपी अमेरिकन इतिहास घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या परीक्षेत सात कागदपत्रे पुढे ठेवून त्यांच्या आधारे एका तासात युक्तिवाद लिहावा लागतो. पुराव्यातून मत मांडण्याची ही सवय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही महाविद्यालयातील पहिल्याच निबंधापासून गरजेची ठरते, आणि विज्ञानाच्या वर्गांत ती क्वचितच लावली जाते. दहावीचा एपी जागतिक इतिहास मात्र मुलीला वाचनाची आवड असेल तरच घ्यावा. (त्याच्या अभ्यासक्रमात मुघलांशी झालेला मराठ्यांचा संघर्षही उदाहरण म्हणून येतो, घरातल्या गप्पांचा तेवढा तरी उपयोग होईल.) बारावीत शासनव्यवस्था आणि सूक्ष्म किंवा स्थूल अर्थशास्त्र एपी पातळीवर घेता येते, पण त्याची सक्ती करू नये.

नावनोंदणीपूर्वी आठवड्याला किती पाने वाचावी लागतात आणि सुट्टीत गृहपाठ असतो का, हे मुलीनेच त्या वर्गाच्या शिक्षकांना विचारावे, कारण एकाच नावाच्या वर्गाचा भार शाळेगणिक फार बदलतो.