काँक्रीटच्या मैदानावर 10 बाय 20 मीटरचा फ्रेमचा मंडप पाण्याच्या ड्रमांवर टिकेल का?

प्रत्येक खांबाला एक ड्रम, एवढ्यावर टिकणार नाही. साधा हिशेब करा: भरलेला 200 लिटरचा ड्रम म्हणजे 200 किलो. ताशी 60 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण 17 किलोचा जोर लावतो, म्हणजे तुमच्या 200 चौरस मीटर छतावर तीन टनांच्या वर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट. वळवाचे दिवस असतील तर हे विसरू नका. शिवाय ओल्या जमिनीवर ड्रम सरकतात. काँक्रीटचे ठोकळे घ्या आणि खांबाला पट्ट्याने आवळा, नुसते शेजारी ठेवून काय उपयोग? मात्र हा अंदाजच आहे. एक बाजू उघडी ठेवून बाकी पडदे लावलेत, तर आत कोंडलेला वारा छत आणखी उचलतो, तेव्हा नेमकं वजन इंजिनिअरकडून काढून घ्या.